निवळीच्या चढावर

आई गाडी शिकली ती बाबांचा पाय मोडला म्हणून. हौस म्हणून नव्हे. पण शिकायला लागल्यावर ती हौसच होती असं आमच्या लक्षात आलं, आणि मला वाटतं तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं.

बाबा रत्नागिरीत वकिली करत. गोळपच्या अलीकडे आमची लहानशी आंब्याची बाग होती. एका पावसाळ्यात बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उतरताना शेवाळलेल्या चिऱ्यावरून ते घसरले आणि उजव्या पायाचं हाड गुडघ्याखाली मोडलं. प्लास्टर निघालं तरी पाय नीट वाकेना. घरापासून कोर्टापर्यंत रिक्षाने जायची सोय होती, पण बागेची फेरी, गावोगावचे नातेवाईक, संगमेश्वर-देवरुखच्या तारखा, सगळं अडून बसलं. गाडी घराशेजारच्या मांगरात, जळणाच्या लाकडांपलीकडे नुसती उभी होती. फिकट निळी, दोन मालकांच्या हाताखालून आमच्याकडे आलेली जुनी मोटार. बाबा रोज काठी टेकत जाऊन तिच्याकडे बघून यायचे.

एके दिवशी जेवताना आई म्हणाली, "मी शिकले तर?"

बाबा हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

एस्टीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर बाबांचे जुने अशील होते. ते सकाळी येत आणि आईला गावाबाहेरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या माळावर, घेऊन जात. मी तेव्हा कॉलेजात होते. सुट्टीच्या दिवशी मागच्या सीटवर बसून जायचे. पदर खोचून, चष्मा सावरत आई त्या मोठ्या स्टिअरिंगमागे बसायची तेव्हा आधी मला हसू यायचं. मग यायचं बंद झालं. ती फार चटकन शिकली. त्या ड्रायव्हरकाकांनी बाबांना सांगितलं, "वकीलसाहेब, वहिनींचा कान चांगला आहे. गिअर कधी बदलायचा ते त्यांना सांगावं लागत नाही. इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात."

पावसाळा सरल्यावर तिला लायसन्स मिळालं. तेव्हा रत्नागिरीत गाडी चालवणारी बाई म्हणजे एक डॉक्टरीणबाई, एवढंच मला आठवतं. आई मासळी बाजारासमोर गाडी लावून उतरली की कोळणीसुद्धा माना वर करून बघायच्या. एकीने तर विचारलं, "वयनी, भ्याव नाय वाटत?" आई म्हणाली, "वाटतं की. पण मजा पण वाटते."

बाबांना तिचं कौतुक होतं, आणि काळजीही. ती एकटी कुठे कुठे गाडी उभी करणार, कुणी टाकीतलं पेट्रोल काढून घेईल, म्हणून त्यांनी कोल्हापूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं झाकण मागवलं. जुनं झाकण सैल झालंच होतं. नवं चकचकीत झाकण त्यांनी स्वतः, काठी भिंतीला टेकवून, बसवलं.

आईला गाडी हवी होती ती मुख्यतः मावशीसाठी. मावशी तिच्याहून पुष्कळ मोठी. सावर्ड्याला हायवेच्या बाजारपेठेमागे एकटी राहायची. काका कधीच गेले होते, मुलगा मुंबईला नोकरीत. तिचे गुडघे इतके गेले होते की एस्टीची पायरी चढणं तिला जमत नसे. त्यामुळे ती कुठे जात नसे आणि आईशिवाय तिच्याकडे फारसं कुणी येत नसे. त्या हिवाळ्यात आई दर पंधरवड्याला सावर्ड्याला जायला लागली. शनिवारी जायची, रविवारी परत. कधी मी बरोबर, कधी बाबा, एकदा तर ती एकटीच जाऊन आली. त्या रविवारी संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दोघी बहिणींचं लहानपण पूर्णगडात गेलं होतं. आजोबा तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांची बदली झाली आणि मग दोघींपैकी कुणीच तिकडे परत गेलं नाही. मावशी सारखी म्हणायची, "एकदा ती खाडी डोळ्यांनी बघायची आहे गो. मग काय ते होऊ दे." आईने तिला शब्द दिला. तुला गाडीत घालून नेते, अगदी पाण्यापर्यंत.

गाडीचं दुखणं त्याच हिवाळ्यात सुरू झालं. गावात फिरताना काही नाही. पण लांब गेलं की मध्येच गाडी ओढेनाशी व्हायची. आई पाय दाबत जायची आणि गाडी हळू हळू होत जायची, जणू कुणी मागून धरून ठेवलंय. चढ असला तर बघायलाच नको. कडेला घेऊन बंद केली आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा नीट चालायची.

बाबांनी गाडी गॅरेजमध्ये पाठवली. तिथले मिस्त्री कामाला चोख. त्यांनी प्लग साफ केले, पॉइंटमधलं अंतर बघितलं, कार्बोरेटर उघडून धुतला, हवेचा फिल्टर बदलला. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा जुना झाला होता तोही नवा घातला. मग टाकीचं झाकण उघडून, काडी बुडवून पेट्रोल किती आहे ते पाहिलं आणि जवळच्याच भाट्याच्या पुलापर्यंत चक्कर मारून आले.

"एक नंबर आहे गाडी," ते म्हणाले. "ताकद कुठे कमी नाही."

पुढच्याच खेपेला ती संगमेश्वराच्या अलीकडे बसली. गाडी पुन्हा गॅरेजमध्ये गेली. टायमिंग बघितलं, व्हॉल्व्ह बघितले, ब्रेक चाकाला चिकटत नाहीत ना ते बघितलं. पुन्हा झाकण, पुन्हा काडी, पुन्हा भाट्यापर्यंत चक्कर. गाडी सुरळीत. या वेळी मिस्त्री जरा अडखळत बाबांना म्हणाले, "साहेब, राग मानू नका. नवीन माणूस असला की क्लचवर पाय राहतो. गाडी ओढत नाही असं वाटतं मग."

बाबांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. इतकी वर्षं गाडी त्यांनी चालवली, कधी तक्रार नाही. आईने हातात घेतली आणि तक्रार सुरू झाली. वकील माणूस, दोन आणि दोन चार केले. तेव्हापासून ते शेजारी बसले की त्यांचं लक्ष रस्त्यावर नसायचं, आईच्या डाव्या पायावर असायचं.

"पाय काढ क्लचवरचा."

"नाहीये हो पाय."

"मग गिअर चुकलाय."

आईने एकदा सांगायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मला एक वाटतं. टाकी भरून निघालं ना, की हे लवकर होतं. पेट्रोल कमी असलं की होत नाही, झालं तरी फार उशिरा."

बाबा मोठ्याने हसले. "म्हणजे पेट्रोल जास्त आणि ताकद कमी? गाडी काय जेवून सुस्तावते?"

मला आठवतं, तीही हसली. आणि मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मावशीला पूर्णगडला न्यायचा दिवस ठरला तो शिमग्यानंतरचा. आई, बाबा आणि मी सावर्ड्याला गेलो, रात्र तिथेच काढली. सकाळी मावशी तयार होऊन ओट्यावर बसलेली. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर लाडवांचा डबा, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी चमक. तिला आम्ही दोघींनी धरून मागच्या सीटवर बसवलं. आईने हायवेवरच्या पंपावर टाकी पूर्ण भरून घेतली आणि आम्ही निघालो.

संगमेश्वर गेलं, मावशी एकेक जुनी आठवण सांगत होती. पूर्णगडच्या शाळेची गळकी कौलं, किल्ल्याच्या दरवाजात बसून खाल्लेल्या कैऱ्या, आजोबांच्या धोतराला लागलेलं होडीचं डांबर. आई आरशातून तिच्याकडे बघत हसत होती. बावनदीचा पूल ओलांडला आणि निवळीचा घाट सुरू झाला.

पहिल्याच वळणावर आईचा चेहरा बदलला. मला मागून फक्त तिचा गाल दिसत होता, पण तो ताठ झालेला कळला. तिने गिअर उतरवला. गाडी आणखी मंदावली. पुन्हा उतरवला. इंजिन धापा टाकायला लागलं. मागे एस्टी, तिच्यामागे ट्रक, त्याच्यामागे आणखी काय काय. भोंगे सुरू झाले. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली आणि हलकेच मागे सरकली.

"हँडब्रेक!" बाबा ओरडले. तिने तो आधीच ओढला होता. मी उडी मारून चाकामागे दगड लावला.

आईने चावी फिरवून पाहिली. एकदा, पुन्हा एकदा. एस्टीतले लोक खिडकीतून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "बाई चालवतेय," आणि कुणीतरी हसलं. एस्टी कशीबशी बाजूने निघून गेली, ट्रक अडकून राहिला. बाबांना घाम आला होता. त्यांना स्वतः काही करता येत नव्हतं याचा संताप त्यांना जास्त होता, हे मला आज कळतं. पण त्या वेळी तो सगळा तिच्यावर निघाला.

"किती वेळा सांगितलं तुला! जाळलास क्लच. उतर. उतर खाली आधी."

मावशी मागच्या सीटवरून पुढे वाकून म्हणाली, "राहू दे हो. मला काही घाई नाही."

आई उतरली. डोंगराच्या बाजूला, गटाराच्या कडेला, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी राहिली. बराच वेळ वाहनं एकेक करून पुढे काढण्यात गेला. मग मोकळं झाल्यावर ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. चांगला माणूस होता. बाबांना म्हणाला, "मी चढवून देतो वरपर्यंत. आमचा पोरगा ट्रक आणील मागून."

तो बसला, चावी फिरवली, आणि गाडी सुरू झाली. काही कुरकुर नाही, आचका नाही. राहिलेला सगळा घाट तिने सहज चढला. आई आता मागे, माझ्या आणि मावशीच्या मध्ये अंग चोरून बसली होती. वर निवळीच्या तिठ्यावर त्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि म्हणाला, "गाडी तर मस्त आहे साहेब."

बाबा आईकडे वळले. "बघितलंस?" एवढंच म्हणाले. मोठ्याने नाही, रागानेही नाही. समजावल्यासारखं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तिथून रत्नागिरीपर्यंत तिनेच गाडी आणली, कारण दुसरं कुणी नव्हतं. अगदी हळू, कडेकडेने. घरी आल्यावर तिने चावी देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी पूर्णगडला जायचं होतं. सकाळी मावशीने विचारलं तेव्हा ती चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, "आता नको ताई. पुन्हा कधीतरी जाऊ. मला नाही नीट जमत." दोन दिवसांनी चिपळूणकडे जाणाऱ्या एका ओळखीच्यांच्या जीपमधून मावशी सावर्ड्याला परत गेली. आई फाटकापर्यंत गेली, जीप दिसेनाशी झाल्यावरही तिथे उभी राहिली.

त्यानंतर तिने गाडीला हात लावला नाही. सावर्ड्याला एस्टीने जायची, पण ते पूर्वीसारखं नव्हतं. महिना, कधी दीड महिना जायचा मध्ये. मे महिन्यात मावशीचा मुलगा आला. आपली आई एकटी आहे, पडलीबिडली तर बघायला कुणी नाही, म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. पाऊस सुरू व्हायच्या आत तो तिला डोंबिवलीला घेऊन गेला.

बाबांचा पाय त्या पावसाळ्यात सुधारला आणि पावसानंतर ते गाडी चालवायला लागले. गावातल्या गावात काही अडचण आली नाही. मग एकदा देवरुखच्या तारखेला गेले आणि संध्याकाळी उशिरा परत आले. पुढचे काही दिवस गप्प गप्प होते. आईने विचारलं, "केस हरलात का?" ते नुसतं "नाही" म्हणाले.

दिवाळी जवळ आली होती. आई पडवीत भाजणीचे तांदूळ पसरत होती. बाबा कोर्टातून आले, कोट न काढता खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, मला जरा सांग. गाडीला तेव्हा नेमकं काय व्हायचं?"

आईचा हात थांबला. "का?"

"देवरुखहून येताना निवळीला बसली. माझ्या हातात."

मग तिने सांगितलं. टाकी भरलेली असली की लवकर होतं. थांबलं की आपोआप बरं होतं. ऊन-थंडीचा संबंध नाही. "आणि एक. गाडी अशी दमून थांबल्यावर पंपावर झाकण उघडलं ना, की आवाज येतो. फुस्स करून. बाहेर येतो तसा नव्हे, आत ओढल्यासारखा. पंपावरचा माणूसही एकदा म्हणाला होता."

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनीच मान खाली घातली.

रविवारी बाबांनी मिस्त्रींना बरोबर घेतलं. मीही गेले. चल म्हटलं तरी आई आली नाही. टाकी काठोकाठ भरली. मिस्त्री सवयीने झाकणाकडे हात न्यायला लागले तेव्हा बाबा म्हणाले, "आज ते उघडायचं नाही." आम्ही बावनदीपर्यंत उतरलो, गाडी वळवली आणि घाट चढायला लागलो. दुसऱ्या वळणापुढे ती दमायला लागली. तीच घरघर, तेच मागे ओढल्यासारखं होणं. मग ती बंद पडली.

मिस्त्री चावी घेऊन मागे गेले. झाकण फिरवल्याबरोबर तो आवाज मला आत बसूनही ऐकू आला. एखाद्या माणसाने बुडता बुडता वर येऊन श्वास घ्यावा तसा.

"आता लावा," ते म्हणाले.

गाडी लागली आणि घाट चढून गेली. वर थांबल्यावर मिस्त्रींनी झाकण उलटंपालटं करून बघितलं, तोंडाला लावून फुंकून बघितलं. "साहेब, ह्याला भोकच नाही. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला पाहिजे. हवा नाही आली तर टाकीच पेट्रोल धरून ठेवते, पंपाला ओढवत नाही. गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा झिरपते म्हणून पुन्हा चालते, आणि टाकी भरलेली असली की आत हवा मुळात थोडीच, म्हणून लवकर अडते. हे दुसऱ्या कसल्या तरी गाडीचं झाकण आहे." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी दर वेळी हे उघडून मगच चक्कर मारायचो. कळणार कसं?"

बाबांनी झाकण हातात घेतलं. "हे मी आणलं होतं," ते म्हणाले.

आईला त्यांनी सगळं सांगितलं, माझ्यादेखत, काही न लपवता. घाटात जे बोलले ते चुकीचं होतं हेही म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी कुणाची अशी माफी मागितल्याचं दुसरं उदाहरण नाही. आईने ऐकून घेतलं. "सापडलं ना, बरं झालं," ती म्हणाली आणि वाळत घातलेले तांदूळ उचलायला लागली, कारण ऊन उतरलं होतं.

त्यानंतर कित्येकदा, कुठे जायचं असलं की बाबा डाव्या बाजूने गाडीत बसायचे आणि थांबायचे. आई यायची, त्यांना तिथे बसलेलं बघायची आणि मुकाट्याने मागचं दार उघडायची. मग ते उतरून पलीकडे जायचे. हे पुष्कळ दिवस चाललं. मग बंद झालं.

मावशीला दिवाळीत आणायचं बाबांनी ठरवलं होतं. स्वतः मुंबईला जाऊन घेऊन येतो म्हणाले. पण तोपर्यंत तिचं चालणंच थांबलं होतं. मुलाने नको म्हटलं. आई दोनदा तिला भेटून आली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोरची इमारत. मावशी तिथेच गेली. पूर्णगडला आई एकदा बाबांबरोबर जाऊन आली. शाळा पाहिली, खाडीच्या तोंडाशी होड्या लागतात तिथे उभी राहिली, आणि अंधार पडायच्या आत परत चला म्हणाली.

बाबा गेल्यानंतर गाडी विकली. ती घेऊन गेलेला माणूस वळणापलीकडे गेल्यावर मी आईला विचारलं. इतकी वर्षं मनात होतं. "गाडीतच दोष होता हे कळलं होतं ना? मग परत का नाही चालवलीस?"

ती पायरीवर बसली होती.

"त्यांचा राग नव्हता मला," ती म्हणाली. "ते बोलले ते बोलले. पण घाटात तो माणूस बसला आणि गाडी चढली ना, तेव्हा मलाच पटलं की माझंच चुकतंय. इतके दिवस मला आतून माहीत होतं की मी बरोबर चालवते, आणि तरी पटलं. ते एकदा पटलेलं मग निघेना. झाकण बदललं तरी निघेना."

रिकाम्या मांगरात कोंबड्या शिरल्या होत्या. तिने बसल्याबसल्या त्यांना हाकललं.

"आणि ताईला न्यायचं राहिलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला हवं होतं आम्ही. टाकी निम्मी झाली होती. पोचलो असतो."